आजीचं खरं काय ते कळवा

रॉचेस्टर, १६ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आजीचं मला दादाच्या तोंडून निसटलं तेव्हा कळलं. ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता वॉकर धरून मोरीपर्यंत जाते, आणि इतके दिवस मला फोनवर सांगितलं जात होतं की ती आत्ताच झोपली, देवळात गेली, शेजारी बसली आहे. कारण मला कळतं. माझं रिसायटल, म्हणजे डॉक्टरेटसाठी द्यायचा वादनाचा कार्यक्रम, तोंडावर होतं. मी रागावलेली नाही. पण फोनवर हा विषय काढला की आई भाजी करपली म्हणते आणि मीही घाईघाईने दुसरंच काहीतरी बोलते, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी तुमच्या काळज्या. बर्फाची चित्रं टीव्हीवर बघून घाबरू नका. गाव ओंटारिओ सरोवराजवळ आहे, सरोवरावरचा वारा ओलावा घेऊन येतो आणि इथे बर्फ टाकतो. वर्षाला सरासरी अडीच मीटर पडतो. पण गावाला त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, उजाडायच्या आत रस्ते मोकळे होतात. रात्री सरावाहून एकटी येत नाही, आम्ही तिघी-चौघी मिळून निघतो. जेवते. खरंच जेवते. खांदा आता दुखत नाही. व्हायोला व्हायोलिनपेक्षा मोठा आणि जड, तो आयुष्यभर वाजवायचा तर मध्ये मध्ये थांबायचं हे इथे शिकवतातच, आणि मी थांबते.

बाबा, कट्ट्यावर लोक विचारतात ना, ‘वाजवण्यात डॉक्टरेट म्हणजे नक्की काय?’ त्यांना सांगा, आपल्या मिरजेच्याच गांधर्व महाविद्यालय मंडळात विशारद, अलंकार आणि मग संगीताचार्य असतं, तशीच ही शेवटची पायरी. माझ्या पदवीत वादनही आहे आणि साहित्यही, म्हणजे आधीच्या लोकांनी या वाद्यासाठी काय लिहिलं आणि का लिहिलं त्याचा अभ्यास. रिसायटलं द्यायची, एक लेक्चर-रिसायटल, म्हणजे विषय मांडायचा आणि वाजवूनही दाखवायचा, आणि मग सर्वंकष परीक्षा, लेखी आणि तोंडी. अमेरिकेत विद्यापीठात वादन शिकवायचं तर बहुतेक ठिकाणी ही पदवी विचारतात. नोकऱ्या थोड्या आहेत हे तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण घर तारण ठेवून मला पाठवताना तुम्ही जो विश्वास टाकलात त्याच्यावर मी पाणी पडू देणार नाही.

लेक्चर-रिसायटलसाठी रेबेका क्लार्कचा व्हायोला सोनाटा, म्हणजे व्हायोला आणि पियानोसाठी लिहिलेली रचना, घेतला आहे. आईला ही गोष्ट आवडेल. १९१९ मध्ये एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या बाईंनी व्हायोलाच्या नव्या रचनांची स्पर्धा ठेवली होती, नावं झाकून ७२ रचना आल्या. परीक्षकांची मतं दोन रचनांत सारखी विभागली. कूलिजबाईंनी आपलं मत संगीतकार अर्नेस्ट ब्लॉखला दिलं. दुसरी रचना कुणाची ते पाहिलं तर बाई निघाली! ‘रेबेका क्लार्क’ हे ब्लॉखनेच घेतलेलं टोपणनाव असणार, असंही लोक म्हणाले. बाईच्या हातून असं काही लिहून होईल हे पटेचना. मी इथल्या सिब्ली लायब्ररीत बसून हे वाचलं तेव्हा संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नाही. हा सोनाटा मला मनापासून चांगला वाजवायचा आहे.

आता रिसायटलविषयी. रेकॉर्डिंग पाहून आत्या म्हणाली म्हणे, ‘लोकांना आवडलं नाही का गं, कुणी वाहवा म्हणेना, मध्ये थांबली तर टाळीसुद्धा नाही.’ तिला नीट समजावून सांगा. पहिल्या वर्षी मीही गोंधळले होते. इथे वाजवणं चालू असताना श्रोता तोंडातून अवाक्षर काढत नाही. मान हलवत नाही, हात उचलत नाही. सोनाटाचे तीन-चार भाग असतात. एक भाग संपून दुसरा सुरू व्हायच्या मध्ये पाच-दहा सेकंद जातात, तेव्हाही टाळी वाजवायची नाही. तो वेळ खोकायचा. खरंच सांगते, अख्खं सभागृह तोवर खोकला दाबून बसतं आणि तेवढ्या फटीत सगळे खोकून घेतात. उशिरा आलेल्यांना दाराबाहेर थांबवतात आणि अशाच एखाद्या फटीत आत सोडतात. कुणी नवखा टाळी वाजवून बसला तर त्याच्याकडे कुणी रागाने बघत नाही, पण तो बिचारा स्वतःच आक्रसून जातो. सगळं संपलं हे कसं ओळखायचं? वाजवणाऱ्याचा गज खाली येईपर्यंत वाट बघायची. शेवटचा सूर विरला तरी गज वर असेल तर अजून संपलेलं नाही. गज खाली आला की मग काय ते उठून उभे राहतात, टाळ्या थांबत नाहीत, तुम्हाला पुन्हा पुन्हा बाहेर बोलावतात. आत्याला सांगा, रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघ.

दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या मुलीला हे अवघड जातं. तिथे समेवर आले की समोरचा माणूस हात पुढे करतो आणि गाणाऱ्याला कळतं, पोचलं. इथे किलबर्न हॉलमध्ये काहीच कळत नाही. तरी आता मला त्या शांततेचं वजन ओळखू येतं. लोक ऐकत असतात ती शांतता वेगळी असते. हा हॉल कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमननी आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधला, किलबर्न हे तिचं माहेरचं नाव. स्टेजवर जाताना मला ते आठवतं.

मध्ये टाळी न वाजवण्याची ही पद्धत काही फार जुनी नाही. संगीतकार मोत्सार्टच्या वेळी लोक मध्येच टाळ्या वाजवायचे. पॅरिसहून त्याने ३ जुलै १७७८ ला वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो कौतुकाने सांगतो की नव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, पहिल्याच भागात एक जागा लोकांना आवडणार हे मला ठाऊक होतं, तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला, म्हणून ती जागा मी शेवटी पुन्हा आणली. वर्गात आम्ही हे पत्र यासाठीच वाचलं. पण त्याच पत्रात तो लिहितो की आई फार आजारी आहे. खरं तर ती त्याच रात्री, तो जवळ असताना, वारली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून त्याने लपवलं, आणि एका स्नेह्याला वेगळं लिहून कळवलं की माझ्या वडिलांच्या मनाची तयारी करा. सहा दिवसांनी त्याने वडिलांना खरं लिहिलं.

आजीचं कळल्यापासून ते पत्र माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही माझ्या भल्यासाठी लपवलंत, पण आता मला फोनवर ‘सगळं ठीक’ ऐकलं की भीती वाटते. रिसायटल असो, परीक्षा असो, त्याच दिवशी सांगा. मी वाजवू शकेन. आजीला फोन द्या, ती रडली तरी द्या. तिने मला तंबोरा लावायला बसवलं नसतं तर हे कान कुठून आले असते? इथे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सूर ओळखायला शिकवते ते तिच्याच जोरावर.

आता बाकीचं. माझी फी असिस्टंटशिपमुळे, म्हणजे इथे मुलांना शिकवते म्हणून, माफ आहे, जो पगार मिळतो त्यातून दर महिन्याला २०० डॉलर पाठवते आहे. ते मास्टर्सच्या कर्जाच्या हप्त्यात घालू नका, आजीच्या फिजिओथेरपीला आणि रात्री तिच्या सोबतीला येणाऱ्या बाईला द्या. हप्ता थोडे महिने दादाने भरला तर मी पुढे त्याला फेडीन. बाबा, ‘शिकवण्या घे’ असं तुम्ही दोनदा लिहिलंत. विद्यार्थी व्हिसावर बाहेर कामं घेता येत नाहीत, कॅम्पसवरच आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, त्याच्यावर नाही. मला नको आहेत म्हणून नाही.

मे महिन्यात मी येणार नाही. व्हिसाचा शिक्का संपलाय. इथे राहायला अडचण नाही, पण एकदा बाहेर पडले की मुंबईत पुन्हा मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तो वेळेत मिळाला नाही तर शरदातली सर्वंकष परीक्षा जाईल. म्हणजे दादाच्या लग्नाला मी नसेन. हे फोनवर सांगायला जमलं नाही. मुहूर्त माझ्यासाठी पुढे ढकलू नका, मुलीकडच्यांनी हॉल घेतला आहे आणि आजीलाही लग्न बघायचं आहे. करवली म्हणून आत्याच्या मुलीला उभी करा, माझी हिरवी पैठणी तिला होईल. वहिनीसाठी माझ्याकडून काय घ्यायचं ते आईने ठरवावं, पैसे वेगळे पाठवते, २०० मधून घेऊ नये.

कोल्हापूरच्या स्थळाला आता स्पष्ट नाही कळवा. मुलगा चांगला आहे, आम्ही दोनदा बोललो. पण पदवी झाल्यावर मी परत येईन का, हे त्यांना आत्ता हवं आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. दुसरं कुणी आहे का हे आईने विचारलं होतं. नाही. असतं तर तुम्हालाच आधी सांगितलं असतं.

आजीचे पुढचे एक्सरे कधी आहेत ती तारीख आणि डॉक्टर काय म्हणाले ते दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, रिपोर्टच्या फोटोसकट.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
मनू