हुरड्याची सहल : रविवार, २८ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत बर्फ बघायला मनालीला जाणं सगळ्यांनाच जमत नाही. पण आपल्या थंडीची मजा आपल्या शेतात आहे. यंदा सोलापूर रस्त्याला यवतच्या पुढे शेतावर जायचं ठरलंय. बस सकाळी ६:३० वाजता सोसायटीच्या फाटकातून सुटेल. कृपया उशीर करू नका, ऊन चढायच्या आत आगटीभोवती बसायचं आहे.

ज्यांनी कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी : हुरडा म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या कणसाचे दाणे. कणीस गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचं, तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. गार हुरड्याला ती चव नाही, म्हणून घरी न्यायला डबे आणू नका. मुलांना कणसं चोळू द्या, हात काळे झाले तरी रागावू नका.

स्वेटर, कानटोपी हवीच. धुराचा त्रास होणाऱ्या आजी-आजोबांची बसायची सोय लांब, आंब्याखाली केली आहे.

नावं बुधवारपर्यंत कळवा. कणसं त्याच सकाळी माणसं मोजून खुडणार आहेत.