मंत्रिमहोदय, बातम्यांतला सायरन बंद करायला आणखी कुणाचं हाड मोडायला हवं?

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

मी नागपूरला, अमरावती रोडवरच्या वाडीत राहते. माझे वडील अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले आहेत, त्यामुळे ते टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. संध्याकाळी जेवणाआधी बातम्या लावून द्यायच्या, हा आमच्या घरचा रोजचा नेम होता. गेल्या महिन्यात एका वृत्तवाहिनीवर कुठल्याशा परदेशातल्या लढाईचा कार्यक्रम चालू होता. अँकर घसा फोडून "आत्ताची सर्वात मोठी बातमी" म्हणाला आणि त्याच्या पाठोपाठ हवाई हल्ल्याचा भोंगा वाजायला लागला. खालीवर होत जाणारा, थांबायचं नाव न घेणारा. मी कणीक मळत होते. बाबा "दिवे मालव, दिवे मालव" म्हणत उठले, काठी तिथेच राहिली, दाराच्या दिशेनं दोन पावलं टाकली आणि उंबरठ्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड आहे. डॉक्टर म्हणतात, या वयात पूर्वीसारखं चालणं होईल याची खात्री नाही.

तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या आवाजानं कुणी एवढं घाबरतं का? महोदय, ज्या माणसानं 1971 च्या लढाईत दारूगोळ्याच्या कारखान्यात पाळ्या केल्या, त्याला भोंगा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तो वाजला की दिवे बंद, हातातलं काम टाका, आडोशाला जा. हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे आणि तसं ते भिनावं म्हणूनच सरकारनं त्या काळी कवायती घेतल्या होत्या. डोळे असते तर कोपऱ्यातली बारीक पाटी वाचून त्यांना कळलं असतं की हे खरं नाही. त्यांच्याकडे कानच उरले आहेत, आणि त्या कानांशी खोटं बोललं गेलं.

हे करू नका, असं सरकारनं आधीच सांगितलेलं आहे. 10 मे 2025 रोजी गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या अग्निशमन, नागरी संरक्षण व गृहरक्षक दलाच्या महासंचालनालयानं सगळ्या माध्यमांना कळवलं होतं की जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत नागरी संरक्षणाच्या सायरनचा आवाज वापरू नका, कारण सारखा ऐकून लोक खऱ्या सायरनकडेही दुर्लक्ष करतील. अगदी योग्य कारण. पण तुमच्या खात्याच्या परवान्यावर चालणाऱ्या वाहिन्यांनी ते पत्र कुठल्या ड्रॉवरमध्ये टाकलं? आणि तुमच्या खात्यानं त्यांना एकदा तरी विचारलं का, की अरे, त्या पत्राचं काय झालं?

पत्रं तर तुमचं खातंही काढतं. 23 एप्रिल 2022 ला काढलं, त्यात युक्रेन युद्धाच्या बातम्यांत अँकर अतिरंजित आणि बनावट विधानं करून लोकांना भडकवतात असं स्वच्छ लिहिलं होतं. जानेवारी 2023 ला काढलं, रक्त, मृतदेह आणि मारहाण दाखवू नका म्हणून. 26 एप्रिल 2025 ला काढलं, लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका म्हणून. आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 8 मे च्या रात्री, काय झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. पाकिस्तानशी संघर्ष चालू होता आणि एका वाहिनीनं कराची बंदर उद्ध्वस्त केलं, दुसरीनं इस्लामाबादेत सैन्य घुसवलं. माझे बाबा त्या रात्री झोपले नाहीत. त्यांना ते सगळं खरं वाटलं, कारण सांगणाऱ्याच्या आवाजात किंचितही शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी काहीच घडलेलं नव्हतं. मी तासन्‌तास टीव्ही लावून बसले होते, पण रात्री ज्या आवाजात शहरं पाडली त्याच आवाजात "आम्ही चुकलो" म्हणणारा एकही अँकर मला ऐकू आला नाही.

अँकरबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं, हे मला मान्य आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना तो ओरडणाराच आवडतो. त्या म्हणतात, "तो ठणकावून विचारते, बाकीचे नुसते पुळचट." आमच्या धाकट्याला सगळेच सारखे वाटतात, तो मोबाइलवर तुकडे बघतो आणि सोडून देतो. बाबांना प्रदीप भिडे आवडत. मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्यांत त्यांचा आवाज लागला की घरात कुणी बोलायचं नाही. आवडनिवडीवर मी मंत्र्यांना पत्र लिहिणार नाही. काकूंनी त्यांचा अँकर खुशाल बघावा. पण भिडे वाचत तेव्हा डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळायचं की बातमी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली, हे कोण म्हणालं आणि कुठे म्हणालं. आज माझ्या बाबांना काय कळतं ते सांगते.

चर्चा सुरू होते. पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येकीखाली नाव लिहिलेलं. अँकर नाव उच्चारत नाही, कारण ते लिहिलेलं आहे. मग चौघं एकदम बोलतात आणि अँकर त्यांच्यावर आवाज चढवून बोलतो. बाबा विचारतात, "हा कोण बोलून राहिला? काँग्रेसचा की भाजपचा?" मी सांगेपर्यंत तिसराच सुरू झालेला असतो. मग अँकर म्हणतो, "ही दृश्यं बघा, स्क्रीनवर बघा, पुन्हा एकदा बघा." काय दृश्य आहे ते तो सांगत नाही. मागे संगीत, धाडधाड, काच फुटल्याचा आवाज. दृश्य जुनं असेल तर डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत "फाइल फुटेज" लिहिलेलं असतं. माझ्या चांगल्या डोळ्यांना ते चष्मा लावून दिसतं. बोलून कुणी सांगत नाही. 17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात दंगल झाली आणि शहरात संचारबंदी लागली, तेव्हा त्याच जळत्या गाड्या दिवसभर फिरत होत्या. बाबा दर तासाला विचारायचे, "अजून जळूनच राहिलं का?" वाडी तिथून लांब आहे, म्हणून आम्ही निदान घरात होतो. ज्यांची मुलं त्या भागात अडकली होती त्यांनी ते कसं ऐकलं असेल?

श्रवणदिव्यांगांसाठी तुमच्या खात्यानं 2019 साली प्रसारणाची मानकं काढली, ते चांगलं केलं. अंधांसाठी कधी काढणार? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोघांसाठीही आहे. "हे दृश्य जुनं आहे" हे चार शब्द तोंडानं म्हणायला अँकरला किती वेळ लागतो?

आता माझ्या तक्रारीचं. 2021 च्या दुरुस्तीनंतर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत तीन पायऱ्या आहेत, त्या मी वाचल्या. वाहिनीनं 24 तासांत पोच द्यायची, 15 दिवसांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्याच स्वनियामक संस्थेकडे अपील, तिला 60 दिवस. त्यावरही समाधान नाही तर केंद्र सरकार. मी दवाखान्यात बाबांच्या खाटेशेजारी बसून मोबाइलवर तक्रार लिहिली. वाहिनीचं उत्तर इंग्रजीतून आलं. आवाज "परिणामासाठी" वापरला होता, कुणाला घाबरवण्याचा हेतू नव्हता, असं त्यात लिहिलंय. बाबांच्या पडण्याबद्दल एक शब्द नाही. "वाईट वाटलं" एवढंही नाही. मी तो मेल त्यांना मराठीत वाचून दाखवला नाही, कारण वाचताना माझा आवाज फुटला असता आणि त्यांना ते लगेच कळलं असतं.

आणि समजा मी शेवटपर्यंत भांडले आणि जिंकले. या स्वनियामक व्यवस्थेत दंडाची कमाल रक्कम किती, तर एक लाख रुपये. ऑगस्ट 2023 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं विचारलं होतं की एवढ्या दंडानं कुणाला जरब बसणार? आमचा ऑपरेशन, औषधं आणि रात्रीच्या आयाबाईचा खर्च लाखाच्या पुढे गेला आहे. म्हणजे माझ्या वडिलांच्या हाडाची किंमत वाहिनीला परवडते, आम्हाला परवडत नाही.

कायद्यात शब्दांची कमतरता नाही. 1994 च्या नियमांतला सहावा नियम खोटी, सूचक आणि अर्धसत्य विधानं दाखवायला मनाई करतो. 1995 च्या कायद्याचं कलम 20 तुम्हाला प्रक्षेपण थांबवण्याचा अधिकार देतं. आणि तुम्हाला मनावर घेता येतं, हेही आम्ही पाहिलं आहे. जानेवारी 2022 मध्ये मीडियावन या मल्याळम वाहिनीचा परवाना सरकारनं रोखला, सुरक्षेचं कारण दिलं, ते कारण काय हे वाहिनीलाही सांगितलं नाही. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो आदेश रद्द करावा लागला. सरकारला न आवडलेली वाहिनी एका आदेशानं बंद होते आणि देशाला खोट्या युद्धानं रात्रभर जागवणाऱ्यांना सल्ल्याचं पत्र जातं. मला कुठलीच वाहिनी बंद करून नको आहे. पण हा फरक मला दिसतो आणि तो पाहून संताप येतो.

विरोधकांचीही मला कीव येत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांच्या आघाडीनं 14 अँकरांची यादी काढली, यांच्या कार्यक्रमात जाणार नाही म्हणून. त्यांचा प्रश्न एवढाच होता की अँकर त्यांच्यावर ओरडतात. आमच्यावर ओरडतात त्याचं काय? अधिवेशनासाठी दर डिसेंबरला सगळे पक्ष आणि सगळ्या वाहिन्या नागपुरात येतात. विधानभवनाबाहेर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग लागते, अँकर तर्री-पोहे खातानाचं चित्रण करून जातात. यशवंत स्टेडियमजवळ थंडीत मोर्चे घेऊन बसलेल्या अंगणवाडी सेविकांपुढे माईक धरला तर अर्ध्या वाक्यात तोडतात, कारण स्टुडिओतल्या भांडणाची वेळ झालेली असते.

कारण विचारा, लगेच टीआरपी सांगतात. 2020 साली टीआरपीचा घोटाळा बाहेर आला, वृत्तवाहिन्यांचं मोजमाप बंद पडलं आणि मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्या वेळी देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी आणि मोजणारे मीटर सुमारे 44 हजार. आमच्या घरी मीटर नाही, वाडीत कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. केबलचे पैसे मात्र आम्ही दर महिन्याला भरतो, त्यात जीएसटीही भरतो. तरी "लोकांना हेच हवं असतं" असं आमच्या नावानं सांगितलं जातं. माझ्या बाबांना हे नको होतं. त्यांना कुणी विचारलं?

म्हणून मागते ते ऐका. प्रक्षेपणाचं चित्रण वाहिनीला 90 दिवस जपून ठेवावं लागतं, ही तुमच्याच मार्गदर्शक तत्त्वांतली अट आहे. ती मुदत संपायच्या आत, बाबा पडले त्या संध्याकाळचं चित्रण तुम्ही मागवा आणि स्वतः डोळे मिटून ऐका. वाहिनीचं नाव, तारीख आणि वेळ मी खात्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. जुनं किंवा प्रतीकात्मक दृश्य असेल तर ते तोंडानं सांगण्याची सक्ती करा. तक्रार मराठीतून घेतली जावी आणि उत्तर मराठीतूनच यावं. चूक निघाली तर माफी त्याच अँकरनं, त्याच वेळेला, तेवढ्याच मोठ्या आवाजात मागावी. रात्री अडीचला खालच्या पट्टीत सरकवलेली माफी बाबांना कशी ऐकू येणार?

आणि यापुढे वाहिन्यांना पत्र काढाल, तेव्हा ते मोडणाऱ्याला काय शिक्षा होईल हे त्याच पत्रात, आकड्यासह लिहा. तो आकडा एक लाख नसावा.

आपली,
वाडी, नागपूर येथील एक नागरिक