तुझ्या आयरिश पबमधल्या खुनाविषयी

लिस्टोवेल, काउंटी केरी, आयर्लंड
१२ मे

प्रिय निमा,

तुझं टिपण नीट वाचलं. आयर्लंडमधलं खेडं, तिथला पब, एक खून, आणि तरीही रक्ताचा सडा नाही, किंकाळ्या नाहीत. दिवाळीचा फराळ खाता खाता वाचता येईल अशी रहस्यकथा. कल्पना मला मनापासून आवडली. वाचनालयातून अर्नाळकरांचा झुंजार आणून आपण दोघी एकाच पुस्तकात डोकं खुपसायचो, तेव्हापासून तू हे लिहावंस असं मला वाटत आलंय. म्हणून हे पत्र लांबणार आहे, बसून वाच.

तुझा निवृत्त प्राध्यापक शेवटी सगळ्या गावाला पबमध्ये गोळा करतो, एकेक धागा उलगडतो, खुन्याचं नाव घेतो आणि सगळे अवाक होतात. इथे तसं होणार नाही गं. इथल्या खेड्यात असा खून झाला तर तिसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला करणारा ठाऊक झालेला असेल. सगळ्यांना माहीत असलेलं नाव पहिल्यांदा मोठ्याने कोण घेतं, आणि त्यानंतर त्या माणसाचं गावात काय होतं, खरी उत्कंठा तिथे आहे. तुझी कथा त्यावर उभी राहावी असं मला फार वाटतं.

मी राहते त्याच गावात जॉन बी. कीन हा नाटककार होऊन गेला. तो पब चालवायचा. काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायचा आणि रात्री पब बंद झाला की लिहायला बसायचा. या भागात १९५८ च्या नोव्हेंबरात रेमोर नावाच्या वस्तीवर मॉरिस मूर या शेतकऱ्याचा खून झाला. दोन शेतांमधल्या हद्दीचा वाद होता. प्रेत काही दिवसांनी घराजवळच्या ओहोळात सापडलं. संशय शेजाऱ्यावर होता, पण त्याच्यावर खटला कधीच उभा राहिला नाही. त्यावरून कीनला सुचलेलं 'द फील्ड' हे नाटक १९६५ साली रंगमंचावर आलं, आणि त्याचा बराचसा भाग पबमध्येच घडतो. जमिनीचा व्यवहार तिथेच, दमदाटी तिथेच, आणि पोलिसांना काय सांगायचं ते ठरतं तेही तिथेच. बांधावरून माणसं कुठवर जातात हे तुला मी वेगळं सांगायला नको, आपण साताऱ्याच्या.

हे गप्प बसणं भित्रेपणातून आलेलं नाही. शतकानुशतकं इथला पोलीस, न्यायाधीश आणि जमीनदार परक्या सत्तेचा होता. शेजाऱ्याचं नाव त्यांना सांगणारा माणूस गावातून उठायचा. १९२२ साली गार्डा हे देशाचं स्वतःचं पोलीस दल उभं राहिलं, तरी जुनी सवय एका पिढीत जात नाही. आणि सत्य पूर्ण बाहेर न येण्याची किंमत कधी कधी भयंकर असते. टिपरेरी काउंटीत न्यू इनजवळ १९४० साली मॉल मॅकार्थी या बाईचा गोळ्या घालून खून झाला. तिचं प्रेत ज्याला सापडलं त्या हॅरी ग्लीसनलाच १९४१ साली फाशी दिलं. महत्त्वाचा पुरावा खटल्यात पुढे आलाच नव्हता. २०१५ साली त्याला मरणोत्तर माफी मिळाली, या राज्याच्या इतिहासातली अशी पहिली. तेव्हा कथा हवी तितकी सौम्य ठेव, पण मेलेल्या माणसाचं वजन कमी होऊ देऊ नकोस. दुसऱ्याच प्रकरणात सगळे हसतखेळत चहा पितायत, हे मला खटकलं.

आता पब. तुझ्या टिपणातला पब पर्यटकांच्या जाहिरातीतला झालाय. खेड्यातला पब बाहेरून साधा असतो, दारावर एका कुटुंबाचं आडनाव, बस्स. आत गावचा पार भरलेला असतो: कुणाच्या गाईला काय झालं, कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला, कुणी कुणाशी बोलणं टाकलं. पूर्वी पुष्कळ पबमध्ये पुढच्या भागात किराणा नाहीतर हार्डवेअरचं दुकान असायचं, आणि मालक अंत्यसंस्काराची व्यवस्थाही बघायचा. टिपरेरीतल्या फेदर्ड गावात मॅकार्थीज नावाचं ठिकाण आजही पब आणि अंत्यविधीची व्यवस्था एकाच छपराखाली चालवतं. तुझा पबमालक असाच दुहेरी धंदा करणारा कर ना! गावातल्या प्रत्येक घरातलं प्रेत ज्याने हाताळलं, त्याला कुणाच्या घरात काय दडलंय ते माहीत असणारच.

काही पबमध्ये स्नग शिल्लक आहे. काउंटरच्या टोकाला लाकडी फळ्यांनी बंद केलेली दोन-चार माणसांची खोली, काउंटरकडे उघडणारी एक छोटी खिडकी. बायकांनी उघड्यावर पिणं बरं दिसत नव्हतं त्या काळात बायका तिथे बसत, पाद्री आणि पोलीसही बसत. आतल्याला सगळं ऐकू येतं, बाहेरच्याला आतला दिसत नाही. यापेक्षा चांगली जागा तुला कुठे मिळणार?

यापुढचं मात्र अगदी लक्ष देऊन वाच, कारण कथेचं कुलूप इथे आहे. पब बंद होण्याची वेळ कायद्याने ठरलेली असते. खेड्यात काय होतं, तर वेळ झाली की मालक दाराला आतून कडी घालतो, पडदे ओढतो, दिवे मंद करतो, आणि ओळखीची आठ-दहा माणसं आत पीत राहतात. याला लॉक-इन म्हणतात. हे बेकायदेशीर आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि बाहेर कुणी कबूल करत नाही. खून लॉक-इनच्या रात्री होऊ दे. म्हणजे साक्षीदार भरपूर, पण त्या वेळी पबमध्ये कुणीच नव्हतं! मालकाच्या घरच्यांना लायसन्सची भीती. शाळामास्तरांना नोकरीची. एकाने बायकोला भलतंच कारण सांगितलेलं. प्रत्येकाचं खोटं लहान आणि समजण्यासारखं, आणि या लहान खोट्यांच्या ढिगाखाली एक मोठं खोटं आरामात लपतं. काळ जरा मागे न्यायचा असेल तर गुड फ्रायडेची रात्र घे. १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी पब बंद असत आणि ती बंदी २०१८ साली उठली. त्या रात्री आत असणं म्हणजे कायदा आणि चर्च दोघांचाही अपराध.

हेतूसाठी तू पुरलेला खजिना काढलास. तो काढून टाक, इथे त्याहून मोलाची वस्तू भिंतीवर टांगलेली असते: लायसन्स. १९०२ च्या कायद्यापासून इथे साधारणपणे पबची नवी लायसन्स मिळत नाहीत. नवा पब काढायचा तर आधी एखादं जुनं लायसन्स विकत घेऊन रद्द करावं लागतं. २००० सालच्या कायद्याने हे लायसन्स देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून घ्यायची मुभा दिली. म्हणजे केरीतल्या एखाद्या गल्लीतला पब कायमचा बंद होतो आणि त्याच्या कागदावर डब्लिनमध्ये नवा बार उभा राहतो. २००५ पासून देशात दोन हजारांहून जास्त पब बंद झालेत. दारू पिऊन गाडी चालवण्याचे नियम कडक झाले (आणि ते व्हायलाच हवे होते), तरुण मुलं शहरात गेली, पुढची पिढी हा धंदा करायला तयार नाही. जिथे पोस्ट बंद, दुकान बंद, पोलीस चौकीही बंद, तिथे पब गेला तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दिवसभरात दुसरं माणूस दिसायची जागा उरत नाही. मला हे बघून खरोखर वाईट वाटतं. मालक लायसन्स विकायला निघालाय हे त्या रात्री लॉक-इनमध्ये फुटतं, असं केलंस तर? मग खोलीतल्या प्रत्येकाकडे कारण आहे, आणि त्यातलं एकही कारण हावरटपणाचं नाही. खुनी माणूस वाचकाला कळवळून समजला पाहिजे.

पुराव्यांचं सांगते. गिनेस एका दमात ओतत नाहीत. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात, बाजूला ठेवतात, फेस वर चढून काळं-पांढरं वेगळं होईपर्यंत थांबतात, मग उरलेला भरतात. मालक काउंटरमागे पडलेला आणि नळापाशी पाऊण भरलेला ग्लास तसाच, म्हणजे कुणीतरी मागितलेलं होतं आणि त्याच्या हातात पोहोचलं नाही. आता बघ, त्या खोलीतला एक म्हातारा फक्त बाटलीतली घेतो, तीही फळीवरची, थंड न केलेली. दुसऱ्याच्या कोटावर पायोनियरचा बिल्ला आहे. ही १८९८ साली सुरू झालेली दारू न पिणाऱ्यांची कॅथलिक संघटना. असा माणूसही पबमध्ये येतो, लाल लेमोनेड घेऊन बसतो, आणि मध्यरात्री स्वच्छ डोक्याचा तो एकटाच असतो. त्याला सगळं आठवतंय. तो बोलेल का, हा प्रश्न.

आणि राउंड! पाच जण बसले तर प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचं. पाळी कुणी मोजून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात हिशेब पक्का असतो. आपला राउंड न देता उठणारा माणूस वर्षानुवर्षं लक्षात राहतो. त्या रात्रीच्या घड्याळाच्या वेळा कुणी खऱ्या सांगणार नाही, पण कुणाचा राउंड कुणाच्या नंतर आला हे विचारलं तर उत्तर आपसूक बाहेर पडेल, कारण त्यात कुणालाच धोका दिसत नाही. तुझ्या तपासाचा सगळा कालक्रम यावर बांधता येईल. मला तर हे सुचल्यावर रात्री झोप लागली नाही.

पोलिसांबद्दल थोडक्यात. साधा गार्डा बंदूक बाळगत नाही. गावातली चौकी बंद झालेली असली तर तो जवळच्या मोठ्या गावातून येईल. संशयास्पद मृत्यू असला की सरकारी शवचिकित्सकाला बोलावतात, आणि तोवर जागा सील. इथे माणूस गेला की सहसा दोन-तीन दिवसांत दफन होतं, घरी पार्थिवाशेजारी लोक रात्र काढतात, अख्खं गाव रांगेत येऊन घरच्यांचा हात हातात घेऊन जातं. खुनात पार्थिव ताबडतोब मिळत नाही. हा मधला रिकामा काळ तू वापर. शोक करायलाही जागा नाही, कारण पब सील झालाय.

शिवाय कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी असते. मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता, तुझ्या वडिलांना आठवत असेल. इथल्या १९६२ च्या कायद्यानुसार कॉरोनर मेलेला कोण, कधी, कुठे आणि कसा मेला एवढंच ठरवतो. दोष कुणाचा, हे ठरवायची त्याला परवानगीच नाही. फौजदारी कारवाई होणार असेल तर पोलिसांच्या विनंतीवरून चौकशी पुढे ढकलतात. तुझ्या कथेत पोलिसांच्या हाती काही लागलं नाही, महिने गेले, आणि मग ही चौकशी भरली असं समज. सगळं गाव एका खोलीत, शपथेवर, आणि जो प्रश्न सगळ्यांच्या ओठावर आहे तो विचारता येत नाही. प्राध्यापकाच्या त्या भाषणापेक्षा हा प्रसंग कितीतरी जोरकस होईल.

राहिला प्रश्न तपास कुणी करायचा. प्राध्यापक नको. बाहेरून आलेला माणूस इथे पंचवीस वर्षं राहिला तरी बाहेरचाच असतो, त्याच्याशी लोक गोड बोलतात आणि काही सांगत नाहीत. तू एका जागी सुचवलंस तशी मराठी नर्सही नको, त्याच कारणासाठी. मला वाटतं, पबमध्ये काउंटरमागे काम करणारी पन्नाशीची बाई घे, त्याच गावात जन्मलेली. ऐकायचं आणि पोटात ठेवायचं हाच तिचा आयुष्यभराचा धर्म. मी फार्मसीत काउंटरमागे उभी राहते ना, तिथे कोण कसली गोळी नेतं हे मला कळतं आणि ते माझ्यापाशीच राहतं. लोक त्या भरवशावर येतात. तिच्याकडेही लोक त्याच भरवशावर येतात. तिला काही शोधून काढायचंच नाहीये, तिला बहुतेक सगळं पहिल्या आठवड्यातच कळलंय. पण मधल्या काळात पोलीस चुकीच्या माणसाच्या मागे लागलेत, त्या बाटलीवाल्या म्हाताऱ्याच्या, ज्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. ती बोलली तर तो सुटेल, आणि तिच्या काउंटरवर पुन्हा कुणी मन मोकळं करणार नाही. तिने बोलावं असं मला वाटतं. कसं आणि कुणापुढे, ते तू ठरव.

पहिली तीन प्रकरणं झाली की पाठव, लॉक-इनचं सगळ्यात आधी. लायसन्सच्या व्यवहारात मालकाच्या वारसांची सही लागते का, ते ओळखीच्या वकिलीणबाईंना विचारून कळवते. त्यावर तुझ्या मालकाच्या धाकट्या भावाचं कथानक अवलंबून आहे. दिवाळी अंकवाल्यांनी जुलैअखेर मागितलंय म्हणतेस, तर उशीर करू नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि काकांना मुंबईच्या कॉरोनरचं नक्की विचार.

तुझीच,
अनघा