पंत जेवले का?

ती. आई-बाबांना,

सा. नमस्कार.

काल फोनवर मी चिडले. आई, तू "बरं, तुला कळतं" म्हणून फोन ठेवलास, ते मात्र फार लागलं. म्हणून लिहितेय. पत्रात मला मध्येच कुणी तोडत नाही.

मांजराचं नवं पिल्लू नको, असं मी दादाला कळवून टाकलं आहे. तुम्हाला न विचारता. दादाने मायेनेच ठरवलं होतं, त्याच्यावर रागावू नका. पण ठमीला जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत. पंत अकरा वर्षांचे. त्यांच्या शेपटीला लोंबकळणारं पिल्लू आत्ता आणणं म्हणजे त्यांना शिक्षाच. आपल्याला वाटतं, रिकामी जागा भरली. त्यांना वाटणार, घरात कुणीतरी घुसलं. आणायचंच झालं तर आधी वेगळी खोली, बंद दार, एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याला हुंगायला, दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, मग फटीतून ओझरतं दर्शन. यात आठवडेच्या आठवडे जातात. बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा सांभाळतानाच तुझी तारांबळ उडतेय, आई. हे सगळं कोण करणार होतं?

पंत दारात बसतात म्हणालीस. ते का बसतात ते मला माहीत आहे. त्याच दारातून मी ठमीला टोपलीत घालून नेलं आणि रिकामी टोपली परत आणली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी इंजेक्शनला हो म्हटलं. मूत्रपिंडं संपलीच होती, आणखी चार दिवस ओढून तिलाच त्रास झाला असता. पण तुम्हाला फोन केला नाही, बाबांचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झाले होते. आणि तिला घरीही आणलं नाही. काही डॉक्टर सांगतात, शक्य असेल तर बाकीच्या मांजरांना एकदा हुंगू द्यावं. त्याने त्यांचं शोधणं थांबतं अशी खात्री कुणी देत नाही. तरी आणायला हवं होतं. हे फोनवर म्हणता येत नव्हतं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मांजराला मरणबिरण काय कळतं, आपणच लावून घेतो." अर्धं बरोबर आहे तुमचं. २०२४ साली अमेरिकेतल्या ओकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजरं पाळणाऱ्यांना हेच विचारलं. सोबती गेल्यावर खाणं, झोप, खेळ कमी, माणसाच्या मागे मागे करणं जास्त, लपणं, शोधत फिरणं, असं पुष्कळांनी सांगितलं. दोघांचं जितकं जमत होतं, तितके हे बदल जास्त. पण माणूस स्वतः जितका दुःखी, तितकं त्याला मांजरही दुःखी दिसत होतं, हेही त्यांनी नोंदवलं. मांजर खरंच तसं असतं की आपण आपलं त्याच्यावर घालतो, हा प्रश्न त्यांनीही उघडाच ठेवलाय. तेव्हा तुम्हीही जरा उघडा ठेवा.

वाटी तर खोटं बोलत नाही ना? अमेरिकेतल्याच एका जुन्या प्राणीदया संस्थेच्या १९९६ च्या पाहणीत, सोबती गेल्यावर ४६ टक्के मांजरांचं खाणं कमी झालेलं आढळलं होतं. आणि पंतांचं पोट तुम्ही जाणताच. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि जिवावर बेततं. म्हणून "भूक लागली की खातील" हा आपला नेहमीचा न्याय इथे चालणार नाही. पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. मला नंतर. खाणं फ्रिजमधून काढून तसंच ठेवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकं होऊ द्या. मांजर आधी नाकाने जेवतं. दर रविवारी आईने पंतांना घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, वजाबाकी बाबांनी करायची. बाबांनी त्यांना उचलायचं नाही. सात किलो आहेत ते, आणि तुम्हाला वजन उचलायला मनाई आहे.

ठमीची गादी धुतली नसशील तर धुऊ नकोस. राहू दे खिडकीत. चिंगी तिथे जाऊन हुंगते ना? हुंगू दे. वास आपोआप विरत जाईल, साबणाने एका दिवसात घालवायचं कारण नाही. मात्र ती गादी बघून कुणी गुरगुरायला किंवा पळायला लागलं तर गुपचूप उचलून कपाटात ठेव.

शी-शूचे ट्रेही तिन्ही राहू देत. खरं तर मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त हवा असतो. इतकी वर्षं आपल्याकडे एक कमीच होता. आता बरोबर झालेत. हे लिहिताना कसंसंच झालं.

पंत आणि चिंगी एकमेकांवर फिस्कारतात, त्याची भीती बाळगू नका. खिडकी कुणाची, आईची मांडी कधी कुणाची, हे सगळं ठमी ठरवायची. आता त्यांना नव्याने वाटणी करावी लागतेय. मध्ये पडू नका, रागावू तर अजिबात नका. मारामारीवर आलं तर मध्ये एखादी मोठी उशी धरायची, हात नाही.

आणि पहाटेचं ओरडणं. बाबा, तुम्ही उठून वाटी भरता, आईने सांगितलंय मला. त्यांना कळलंय, ओरडलं की बाबा येतात. त्यापेक्षा झोपायच्या आधी दहा मिनिटं दोरी खेळवा आणि मग रात्रीचं खाणं द्या. अंधारात जिना उतरायचा नाही म्हणजे नाही. चष्मा नसतो, आणि चिंगी पायात येते.

बाकी तुमच्या वेळा बदलू नका. तुम्ही वेळेवर जेवलात, वेळेवर दिवे मालवलेत, तर त्यांचा दिवस मार्गी लागेल. आई म्हणाली, तुम्ही अर्ध्यावरून उठता. बाबा, मनी गेली तेव्हा मी वाटी घेऊन मागच्या पायरीवर बसले होते, आठवतं? तुम्ही काही न बोलता शेजारी येऊन बसलात आणि अंधार पडल्यावर म्हणालात, "चल, आता आपण दोघं जेवू." मला आत्ता तसं येऊन बसता येत नाहीये.

पिल्लाचं आणखी एक कारण आहे. पिल्लू म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा हिशोब. तुम्ही दोघं त्या रात्री तोच करत बसला होतात, दादाने सांगितलं. करू नका. दिवाळीत, नाहीतर उन्हाळ्यात, दोघांचं बस्तान बसलं की आपण एखादं मोठं, शांत मांजर बघू. ते माझ्या नावावर. पुढे कधीही, काहीही झालं तरी ते माझ्याकडे येईल. पंत आणि चिंगीसुद्धा. हे ठरलेलं आहे, यावर चर्चा नको.

तुमची,
बाळी

ता. क. आई, पंत सारखे ट्रेमध्ये जाऊन बसतायत आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर ते दुःख समजून बसू नकोस. ताण आला की बोक्यांची लघवी अडू शकते, आणि अडली की ते तासातासाने गंभीर होतं. सकाळची वाट बघायची नाही. शेजारच्या काकांना उठवायचं, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलाय. मलाही उठव, कितीही वाजलेले असोत.