माल पायाशी, सिस्टिममध्ये शून्य: गोदामाच्या मूव्हमेंट टाईपबद्दल तक्रार

अक्कलकोट रस्ता एमआयडीसी, सोलापूर
दि. ४ मार्च २०२४

प्रति,
संचालक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गोदाम व्यवस्थापनातील मूव्हमेंट टाईपची चुकीची मांडणी व त्यामुळे झालेल्या नुकसानाबाबत

स.न.वि.वि.

गेल्या दीड महिन्यात तुमच्या हेल्पडेस्कवर आम्ही अकरा तक्रारी नोंदवल्या. त्यातल्या नऊ ‘निकाली’ म्हणून बंद झाल्या आहेत. निकाल तुमच्या पडद्यावर लागला असेल, आमच्या गोदामात लागलेला नाही. म्हणून हे पत्र हेल्पडेस्कला न पाठवता थेट तुम्हाला पाठवतो आहे.

आधीच सांगतो, तक्रार सॅप या सॉफ्टवेअरबद्दल नाही. याच एमआयडीसीत ते वापरणारे आमचे दोन व्यवसायबंधू आहेत आणि त्यांचं गोदाम बिनबोभाट चालतं. तक्रार तुम्ही आम्हाला बसवून दिलेल्या मांडणीबद्दल आहे, त्यातही मूव्हमेंट टाईपच्या, म्हणजे मालाची हालचाल कोणत्या प्रकारची ते सांगणाऱ्या नंबरांच्या, मांडणीबद्दल. तुम्ही स्वतः सेटिंगला बसत नसाल, म्हणून एकच प्रसंग सुरुवातीपासून सांगतो. बाकीच्या दहा तक्रारी याच्याच भाऊबंद आहेत.

आमचा धंदा टेरी टॉवेलचा. कापड आमच्या मागांवर विणलं जातं, रंगाईला बाहेरच्या प्रोसेस हाऊसला जातं, रंगून रोलच्या रूपात परत येतं आणि मग आमच्या शिलाई खात्यात कापून, हेम मारून त्याचे टॉवेल होतात. १२ फेब्रुवारीला संध्याकाळी नेव्ही ब्लूचे बारा रोल आले. स्टोअरच्या अण्णांनी १०१ ने आवक केली, ट्रान्सफर ऑर्डर (माल कुठून कुठं हलवायचा त्याचा हुकूम) कन्फर्म केली आणि रोल सी-सात रॅकवर चढले. इथवर तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी एका रोलचं टोक दारात उन्हात ओढलं आणि पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासलं. फडकं निळं झालं. अण्णा एकतीस वर्षं हेच करत आहेत, त्यांना दुसऱ्यांदा घासावं लागत नाही. बाराही रोल दुपारच्या टेम्पोनं चलन करून प्रोसेस हाऊसला परत गेले. आता ही परतीची नोंद सिस्टिममध्ये कशी करायची? पुरवठादाराला माल परत करायला १२२ आहे, हे तुमच्याच प्रशिक्षणात सांगितलं होतं. अण्णांनी १२२ टाकला, सिस्टिमनं तो घेतला नाही. कारण आमच्या गोदामासाठी १२२ ला गोदामाच्या बाजूचा मूव्हमेंट टाईप कुणी जोडलेलाच नव्हता. हेल्पडेस्कला फोन केला तर उत्तर मिळालं, “तूर्तास १०२ करा, १२२ पुढच्या फेजमध्ये बघू.” १०२ म्हणजे १०१ ची आवक रद्द करणं.

या ‘तूर्तास’नं आमचा घात केला.

सॅपमध्ये मालाचा हिशोब दोन वह्यांत चालतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एका वहीत माल किती, दुसऱ्या वहीत तो कुठे. मूव्हमेंट टाईप म्हणजे या दोन वह्यांना बांधणारी दोरी. पहिल्या वहीत १०२ केला की बारा रोल कमी झाले, हे ठीक. पण दुसऱ्या वहीत ते कुठून कमी व्हायला हवे होते? सी-सातवरून, कारण माल तिथं चढला होता. त्यासाठी १०२ झाल्याबरोबर ट्रान्सफर रिक्वायरमेंट, म्हणजे माल हलवण्याची मागणी, तयार होऊन अण्णांच्या स्कॅनरवर ‘रॅकवरून बारा रोल उतरवा’ असं यायला हवं होतं. ही मागणी तयार करणारी खूणच तुम्ही बंद ठेवली आहे. म्हणून रॅकवरचे बारा तसेच राहिले आणि आवकेच्या अंतरिम जागेत, म्हणजे रॅकवर चढेपर्यंत माल जिथं दाखवला जातो त्या ९०२ मध्ये, उणे बारा बसले. बारा आणि उणे बारा, बेरीज शून्य. दोन्ही वह्या ताडून बघण्याचा एलएक्स तेवीसचा रिपोर्ट आम्ही रोज संध्याकाळी काढतो. त्यात काहीच दिसलं नाही, कारण त्याच्या दृष्टीनं सगळं जुळत होतं.

१५ तारखेला दुसऱ्या प्रोसेस हाऊसकडून त्याच मालाचे बारा रोल आले. वेगळी पीओ (खरेदीची ऑर्डर), वेगळा पुरवठादार. रंग पक्का, फडकं पांढरंच राहिलं. अण्णांनी १०१ केला. ९०२ मध्ये खरं तर प्रत्येक पीओची जागा वेगळी पडायला हवी, पीओचा नंबर हाच जागेचा नंबर. सॅपची मूळ मांडणी तशीच आहे. तुमच्या माणसांनी तिथं एकच ठरावीक जागा देऊन टाकली, म्हणजे सगळ्यांची आवक एकाच पोत्यात. नवे बारा त्या पोत्यात पडले आणि जुन्या उणे बारानं ते गिळून टाकले. शिल्लक शून्य. रोल रिसिव्हिंगच्या फरशीवर अण्णांच्या पायाशी, आणि स्कॅनर म्हणतो ९०२ मध्ये चढवण्यासारखं काही नाही. पीओप्रमाणे जागा असती तर उणे बारा पहिल्या पीओखाली लाल दिसत राहिले असते आणि कुणीतरी विचारलं असतं.

१६ तारखेला सकाळी शिलाई खात्यानं त्या रंगाचे बारा रोल मागितले. सिस्टिमनं मोठ्या आत्मविश्वासानं माणसाला सी-सातवर पाठवलं. तिथं लाकडी पॅलेट आणि धूळ. त्यानं सी-सहा बघितलं, सी-आठ बघितलं, वरचा मजला बघितला, मग त्याला वाटलं आपण बारकोड चुकीचा मारला. अडीच तास गेले. शिलाईवर बावीस बायका होत्या. त्यांची मजुरी नगावर असते. मशीन बंद म्हणजे हात बंद, हात बंद म्हणजे पैसे बंद. आम्ही त्यांना अर्ध्या दिवसाचे पैसे दिले. ते देणं आमचं कर्तव्यच होतं, त्याचा हिशोब तुमच्याकडे मागत नाही. पण त्यातली एक जाताना म्हणाली, “मशीन आणलं तेव्हापासून माल सापडंना झालाय,” आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

शेवटी अण्णांनी आपली लाल कापडाची वही काढली, त्यात लिहिलं आणि फरशीवरचे बारा रोल शिलाईला देऊन टाकले. त्या वहीत पीओ, गाडी नंबर, कुठं ठेवलं, कुणाला दिलं, सगळं होतं. तुमच्या सल्लागारानं जानेवारीत हीच वही “आता बंद करा” म्हणून सांगितली होती. अण्णांनी बंद केली नाही हे आमचं नशीब. त्या चार दिवसांच्या पानांचे फोटो या पत्राला जोडले आहेत.

इथवरची चूक मी एक वेळ समजून घेतली असती. नवीन सिस्टिममध्ये असं होतं. पण पुढं जे झालं ते समजून घेण्यासारखं नाही.

१७ तारखेला तुमच्या इंजिनिअरनं दूरवरून आमची सिस्टिम उघडली. त्याला दिसलं की सी-सातवर बारा रोल दाखवतात आणि प्रत्यक्षात नाहीत. त्यानं आम्हाला एक फोनही न करता त्या जागेची मोजणी शून्य टाकली आणि आलेला फरक ७११ ने काढून टाकला. म्हणजे बारा रोल हरवले अशी नोंद झाली. ईमेल आला, प्रश्न सुटला, तक्रार बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी. करायचं होतं ते इतकंच: सी-सातवरून ९०२ कडे बारा रोलची एक ट्रान्सफर ऑर्डर. रॅक शून्य झाला असता, ९०२ मध्ये फरशीवरचे खरे बारा उभे राहिले असते, आणि २६१ ने, म्हणजे उत्पादनात माल वापरल्याच्या नोंदीनं, ते शिलाईच्या ऑर्डरवर रीतसर गेले असते. एका मिनिटाचं काम.

आता परिस्थिती अशी आहे. ७११ नंतर शिल्लक शून्य, त्यामुळे २६१ होतच नाही. त्या प्रॉडक्शन ऑर्डरवर टॉवेल तयार झाले आहेत, पॅक झाले आहेत, गाडीत चढून न्हावा शेवाला गेले आहेत, पण त्यांना कापड लागलं अशी कुठंही नोंद नाही. सोलापुरात हवेतून टॉवेल विणायला लागले असते तर एवढे माग कशाला घातले असते? दुसरीकडे हिशोबात बारा रोल हरवलेले. आमच्या अकाउंटंटनं ते बघितलं तेव्हा पहिला प्रश्न जीएसटीचा विचारला. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा लिहून टाकलेल्या मालाचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. जो माल आमच्याच शिलाई खात्यात कापला गेला, त्याचं क्रेडिट तुमच्या एका नोंदीमुळे का सोडायचं? आणि ३१ मार्चला ऑडिटरसमोर हा फरक कुणी समजावायचा? तुमचा इंजिनिअर येणार आहे का?

जाता जाता आणखी एक. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल पाठवायला मूळचा ५४१ सोडून तुम्ही आमच्यासाठी ९४१ असा वेगळा टाईप केला. ठीक आहे, ९ ने सुरू होणारे नंबर ग्राहकासाठीच असतात. पण त्याचा उलटा ९४२ केलाच नाही. चुकीचं चलन रद्द करायला गेलं की अजूनही ५४२ च पुढे येतो, आणि तो आमच्या गोदामाला जोडलेला नाही. कॉपी करताना खालची ओळ बदलायची राहिली, इतकं साधं आहे हे. पण जॉबवर्कला गेलेला माल कायद्यानं वर्षाच्या आत परत यायला हवा, त्यामुळे कुठला रोल कुणाकडे किती दिवस आहे ते आम्हाला अचूक लागतं.

हे सगळं मुळात का घडलं याबद्दल माझं मत ऐकून घ्या. तुमच्या टीमपैकी एकानंही रिसिव्हिंगच्या फरशीवर पूर्ण एक दिवस काढला नाही. मांडणी दुसऱ्या कुठल्या तरी ग्राहकाची उचलून आणली आहे. दस्तऐवजात एका ठिकाणी ‘औषधाची मुदत’ असा रकाना अजून आहे, टॉवेलला मुदत कसली? प्रशिक्षण ठेवलं तेही सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात. आम्ही एक आठवडा पुढं ढकला म्हणून दोनदा सांगितलं. अक्षता सोहळ्याच्या वेळी निम्मं सोलापूर रस्त्यावर असतं, आमची निम्मी माणसं नंदीध्वजामागं होती. उरलेल्या निम्म्यांना चाळीस स्लाइड दाखवून तुम्ही सह्या घेतल्या. आज तुमचा प्रोजेक्ट मॅनेजर त्या सह्या दाखवतो आणि म्हणतो की १२२ ची जोडणी हा ‘बदल’ आहे, दोष नाही, सहा मॅन-डेचं बिल लागेल.

हे मला मान्य नाही. माल परत करता न येणारं गोदाम हे अर्धवट गोदाम आहे. करारातल्या कामाच्या व्याप्तीत ‘आवक, जावक, परतावा व अंतर्गत हालचाल’ हे शब्द आहेत, तिसरा शब्द पुन्हा वाचा. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाकडे जाणं आम्हाला अवघड आहे हे आमच्या वकिलांनी सांगितलं आहे, पण करार आहे आणि शेवटचा दहा टक्के हप्ता अजून आमच्याकडे आहे. काम पूर्ण होईपर्यंत तो इथेच राहील.

आम्हाला काय हवं ते सांगतो. १७ फेब्रुवारीची ७११ ची नोंद ७१२ ने उलटवून ते बारा रोल २६१ ने त्याच प्रॉडक्शन ऑर्डरवर टाका, हे ३१ मार्चच्या आत आणि आमच्या अकाउंटंटच्या देखत. १२२ ला गोदामाची जोडणी द्या, रॅकवरून माल उतरवून परत पाठवण्याच्या ट्रान्सफर ऑर्डरसह. १०२ साठी रिक्वायरमेंटची खूण सुरू करा. ९०२ मधली जागा पीओच्या नंबराप्रमाणे पडू द्या. ९४२ तयार करा. हे सगळं आधी टेस्ट सिस्टिममध्ये, आणि टेस्ट करणार अण्णा. तुमचा सल्लागार शेजारी बसेल, पण कीबोर्ड अण्णांच्या हातात राहील. आवक करून परत करणं, परत केलेला माल पुन्हा घेणं, चुकीचं चलन रद्द करणं, असे दहा-बारा प्रसंग अण्णांनी वहीतून आधीच काढून ठेवले आहेत. ते सगळे सरळ पार पडले तरच खऱ्या सिस्टिममध्ये आणायचं. यापैकी कशाचंही वेगळं बिल आम्ही देणार नाही. आणि आमच्या स्टॉकची कुठलीही नोंद यापुढे आम्हाला न विचारता दूरवरून करू नये. तो अधिकार तुमच्या युजरकडून आम्ही आजपासून काढून घेतला आहे.

येत्या आठ दिवसांत तुमचा माणूस इथे यायला हवा. ऑनलाइन मीटिंग नको. अण्णा सकाळी साडेआठला गेटवर असतात. पहिली गाडी नऊच्या सुमारास लागते, ती उतरताना त्यानं तिथं उभं राहावं. येणाऱ्याला सांगा, मार्चचं ऊन आहे, टोपी आणावी, आणि एक पांढरं फडकंही.

कळावे,

आपला,
भागीदार
(टेरी टॉवेल उत्पादक, सोलापूर)