लंडनच्या ३१ नंबर बसच्या ड्रायव्हर ताईंना थँक्यू

ताई, तुमचं नाव मला माहीत नाही म्हणून ताईच म्हणते. कॅम्डन टाउनहून सुटणारी ३१ नंबरची डबलडेकर तुम्ही चालवत होतात. त्या दुपारी तुम्ही जे केलं ते तुमच्या लेखी रोजची ड्युटी असेल, पण आमच्या घरात अजून त्याचा विषय निघतो म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण आमच्यासारखी बरीच जोडपी इकडे आहेत जी व्हीलचेअर आहे म्हणून परदेश सोडा, महाबळेश्वरलाही जायचं टाळतात, त्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं.

माझ्या नवऱ्याला बाईकच्या अ‍ॅक्सिडेंटमध्ये मणक्याला मार लागला, कमरेखाली ताकद नाही. बाकी सगळं ठणठणीत, कॉलेजात शिकवतो, दिवसभर पोरांशी बडबड चालू असते. पण आम्ही दोघं बाहेर पडलो की लोक त्याच्याशी बोलतच नाहीत. हॉटेलात वेटर मला विचारतो, "सरांना तिखट चालेल का?" एअरपोर्टवर काउंटरवरची मुलगी त्याचा पासपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे बघत विचारते, "यांना थोडं तरी चालता येतं का?" आणि हा तिथेच बसलेला असतो. कोणी वाईट मनाने करत नाही हे मला कळतं, तरी त्या वेळचा त्याचा चेहरा मलाच दिसतो ना.

लंडनला जायचं ठरलं तेव्हा त्याने एकच सांगितलं होतं, बाकी काही बघितलं नाही तरी चालेल पण १० किंग हेन्रीज रोडला जायचं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं ते. आता तिथे जायचं कसं? मेट्रोच्या नकाशावर स्टेशनच्या नावाशी व्हीलचेअरचं चिन्ह असतं, निळ्यावर पांढरं असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत शिरता येतं, पांढऱ्यावर निळं असेल तर फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत, पुढे गाडीत चढताना फट किंवा पायरी लागू शकते. आणि निम्म्याहून जास्त स्टेशनांना यातलं काहीच नाही, कॅम्डन टाउनला सरकते जिने आहेत, ते आम्हाला काय कामाचे. त्यामुळे बस. बस मात्र सगळ्या लो-फ्लोअर, मधल्या दारातून रॅम्प बाहेर येतो आणि व्हीलचेअरवाल्याला तिकीट लागत नाही, मी आपलं कार्ड टॅप करायचं.

तुमची बस आली तेव्हा बारीक पाऊस होता आणि व्हीलचेअरच्या जागेत एक बाळाची गाडी उभी होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं, म्हणजे आता "जाऊ दे, पुढची घेऊ", हे आमचं ठरलेलंच असतं. तेवढ्यात तुम्ही आधी स्पीकरवरून जागा करायला सांगितलंत, मग इंजिन बंद करून स्वतः केबिनमधून बाहेर आलात, त्या आईशी हळू आवाजात बोललात, ती बाळाला कडेवर घेईपर्यंत गाडी तुम्हीच धरलीत आणि घडी घालायला मदत केलीत, तिलाही कुठे ओशाळं वाटू दिलं नाहीत. आणि मग मधल्या दारात येऊन, थोडं वाकून, माझ्या नवऱ्याला विचारलंत, कुठे उतरायचंय, तुम्ही स्वतः चढाल की हात देऊ?

त्याला विचारलंत. मी शेजारीच उभी होते, माझ्याकडे तुम्ही बघितलंही नाही, आणि ताई, त्याबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार.

तो म्हणाला, स्वतः चढतो. रॅम्प बीप-बीप करत बाहेर आला, मी हँडलवरचे हात काढून घेतले आणि तो झपकन वर गेला. पाठ टेकायच्या गादीला चेअर उलटी लावायची, उतरायच्या स्टॉपआधी निळं बटण दाबायचं, तेही तुम्ही त्यालाच सांगितलंत.

नंतर त्याने वाचून काढलं की यामागे मोठी लढाई आहे. डग पॉली नावाच्या व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला २०१२ मध्ये लीड्सला जाताना बसमध्ये जागा मिळाली नाही, बाळाची गाडी हलवायला नकार मिळाला, तर हा माणूस कोर्टात गेला आणि २०१७ मध्ये तिथल्या, म्हणजे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हरने एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही, कोणी विनाकारण अडून बसलं तर बस काही वेळ थांबवून ठेवण्याचाही विचार करावा. पॉली साहेबांचेही आभारच मानायला हवेत. पण माणसाशी कसं बोलायचं ते कोर्ट सांगत नाही, ते तुमचं स्वतःचं होतं.

बाबासाहेबांच्या घरावर निळी पाटी आहे, त्यावर नाव, साल आणि त्यांनी सामाजिक न्यायासाठी लढा दिला असं कोरलंय. तो पाटीसमोर पावसात बराच वेळ थांबला. मी छत्री धरली, बोललो नाही काही.

त्यानंतरच्या प्रत्येक बसला त्याने स्वतः हात केला, दाराबाहेरचं निळं बटण स्वतः दाबलं, ड्रायव्हरशी स्वतः बोलला. मी मागे राहून खिडकीतून लंडन बघितलं, इतक्या वर्षांत प्रवासात मला खिडकी मिळाली!

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांनी विमानाचं बुकिंग करतानाच डब्ल्यूसीएचसी हा कोड टाकून घ्या, निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा, स्वतःची चेअर विमानाच्या दारापर्यंत न्यायला मागा आणि बसायची उशी चेअरसोबत खाली जाऊ देऊ नका, जवळ ठेवा.

ताई, पुढच्या वर्षी एडिंबराला जायचं चाललंय. एअरलाइनला फोन तोच करणार आहे, त्याने मला तसं बजावलंय. तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना आम्हा दोघांचा नमस्कार.

तुमची एक प्रवासी, कोल्हापूर