नावं माहीत नसलेल्यांचे आभार

या महिन्यात बडोद्यातल्या शाळेतून निवृत्त होतोय. निरोप समारंभात ट्रस्टी, मुख्याध्यापक, सहकारी सगळ्यांची नावं घेऊन झाली. ज्यांची नावं मी कधी विचारलीच नाहीत, ते मात्र राहून गेले.

दांडिया बाजारातल्या फुलवाल्या मावशी आदल्या दिवशीची जास्वंद मला फुकट देत. तिच्या पाण्यात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, धुण्याचा सोडा टाकला की हिरवं. आम्ल-आम्लारीचं निम्मं शिकवणं तिथंच व्हायचं. रावपुऱ्यातले रेडिओ दुरुस्तीवाले काका जुन्या स्पीकरमधली चुंबकं काढून ठेवायचे, पैशाचं काढलं की रागवायचे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी माझी मुलं तासभर रेंगाळायची, पण पहारेकऱ्यांनी कधी हाकललं नाही. त्याच्या पुढच्या परामधली बोटांची हाडं एकदा दाखवली, की देवमासा हा मासा का नव्हे, हे फळ्यावर लिहावं लागत नसे!

आणि ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी शाळेच्या तळमजल्यावर शिरत होतं. गल्लीतली काही पोरं न बोलावता आली आणि प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक उचलून वरच्या मजल्यावर ठेवून गेली. त्यातलं एकही माझ्या वर्गातलं नव्हतं. चहालासुद्धा थांबली नाहीत.

पोरांनो, ते सूक्ष्मदर्शक अजून चालतात. एकाचा स्क्रू तेवढा जड फिरतो. नव्या बाईंना सांगून ठेवलंय.